ढोलकीची डावी बाजू

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात येतो, आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या जलाशयाजवळ मढ हे गाव लागते. जत्रांच्या दिवसांत अशा गावाच्या शिवारात रात्री उभे राहिले, तर लांबून येणाऱ्या आवाजावरून पलीकडच्या वस्तीत काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. मात्र अंदाज कशाचा बांधता येतो, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत पालटले आहे. तमाशाच्या तंबूवर कर्णे बांधलेले असत तेव्हा दुरून शब्द कळत. गवळण चालू आहे, बतावणी रंगली आहे की वग लागला आहे, हे बांधावर उभे राहून सांगता येई. ढोलकीची टणक, टिपेची थाप पोहोचे. तिचा घुमारा मात्र तंबूतच राही. आज डीजेच्या ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून त्याच अंतरावर येतात ते निव्वळ ठोके. गाणे कोणते, ते कोणत्या भाषेतले, गाणारी बाई की बुवा, यांपैकी काहीच कळत नाही.

हा फरक केवळ आवाजाच्या मोठेपणाचा नाही. आवाजाचा कोणता भाग पोहोचवायचा आणि कोणता गाळायचा, याचा तो फरक आहे. आज हेडफोन विकत घेताना आपले विद्यार्थी ज्याला ‘बेस’ म्हणतात आणि ज्याच्या कमी-अधिक प्रमाणावरून एखादा हेडफोन गझलेला चांगला, दुसरा नाचाच्या गाण्याला चांगला असे ठरवतात, त्या वस्तूला मराठीत जुने शब्द आहेत : खर्ज, ढाला आवाज, घुमारा. या ढाल्या आवाजाचा आपल्याकडचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी त्याच्या गळतीचा इतिहास आहे. लावणी, नाट्यपद, भावगीत, अभंग यांविषयी आपण वाङ्मयीन म्हणून जी मते बाळगतो त्यांतली काही या गळतीतून आलेली असावीत, अशी माझी शंका आहे.

प्रारंभ तमाशाच्या वाद्यमेळापासून करणे सोयीचे आहे, कारण जुन्नर तालुका हा त्याचा प्रदेश. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन आपापल्या जत्रेची सुपारी देतात. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड येथला. भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांच्या नावाने तर महाराष्ट्र शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. या फडांचा मेळ बघा : ढोलकी, हलगी, कडे, झांज, तुणतुणे. हलगी विस्तवावर शेकून तिचे कातडे ताणतात, म्हणजे तिचा आवाज अधिक चढा आणि कडक व्हावा. तुणतुण्याची एकच तार, तीही उंच. मागे उभे असलेले सुरते झील धरतात ती वरच्या पट्टीत. उघड्या माळावर, ध्वनिवर्धक नसताना, हजार-दोन हजार माणसांपर्यंत शब्द न्यायचा तर मानवी कानाला जेथे सर्वांत तीक्ष्ण ऐकू येते त्या पट्ट्यातच सगळी शक्ती खर्च करावी लागते. कानाची ही तीक्ष्णता साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वाधिक असते. कर्णा येण्यापूर्वी झील हाच तमाशाचा ध्वनिवर्धक होता, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये : नायिकेची ओळ जेथे विरू लागते तेथून ती उचलून मागच्या रांगेपर्यंत पोहोचवणारा.

या साऱ्या चढ्या आवाजांच्या खाली एकच गोष्ट होती – ढोलकीची डावी पुडी. उजव्या पुडीला शाई असते. ती सुरात मिळवतात. शाईमुळे आपल्या चर्मवाद्यांच्या उपस्वरांना सुसंवादी क्रम येतो आणि म्हणून त्यांतून नुसता आघात न निघता स्वर निघतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिले होते. डाव्या पुडीला मसाला आतून लावलेला असतो आणि तिचा आवाज ढाला. तळहाताचा दाब कमी-जास्त करून वादक हा आवाज घसरवतो, वर उचलतो, मध्येच कोंडतो. उजव्या हाताने लय मोजली जाते. डाव्या हाताने ती बोलते. लावणीतील शब्द आणि अदा यांच्यामधली जी चावट, कधी खट्याळ तर कधी विलक्षण करुण टिप्पणी आहे ती या डाव्या हाताची. नर्तकीची कंबर वळते ती त्याच्यावर. तंबूत पुढे बसलेल्याला ती पोटात जाणवते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबूवर कर्णा चढला. कर्ण्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. लहानसा पडदा, त्याच्यापुढे दुमडून आणलेली धातूची लांब नळी आणि रुंद होत गेलेले तोंड. थोड्या विजेत पुष्कळ आवाज देण्यात त्याचा हात धरणारे दुसरे साधन नव्हते. खेड्यातल्या बॅटरीवर आणि जनित्रावर दुसरे काही परवडणारेही नव्हते. पण कर्ण्याच्या तोंडाचा व्यास आणि नळीची लांबी यांवरून त्याची खालची मर्यादा ठरते. वापरातल्या कर्ण्यांचा आवाज साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने गळतो. ढोलकीच्या डाव्या पुडीचा मूळ स्वर दोनशेच्याही खालचा, म्हणजे तो कर्ण्यातून बाहेर पडतच नाही.

मग पुरुषाचा आवाज तरी कसा ऐकू येतो, असा प्रश्न कोणी विचारील. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर शे-सव्वाशे हर्ट्झचा. तोही कर्ण्याने गाळलेला असतो. येथे कान आपली मदत करतो. मूळ स्वर नसला तरी त्याचे उपस्वर ज्या क्रमाने येतात त्यावरून मेंदू गाळलेला स्वर भरून काढतो आणि ‘ऐकतो’. टेलिफोनवर आपण वडिलांचा आवाज वडिलांचाच म्हणून ओळखतो तो यामुळे. मात्र हा उपाय सुसंवादी उपस्वर असलेल्या ध्वनीलाच लागू पडतो. कंठाला, तारेला तो लाभतो. ढोलकीच्या डाव्या पुडीसारख्या आघाताला फारसा नाही. तिचा तळ गेला की ‘ठप्’ एवढाच अवशेष उरतो. त्यामुळे कर्ण्याने तमाशातील सगळ्यांना सारखी वागणूक दिली नाही. लावणी गाणारीचा उंच आवाज, झील, हलगी, तुणतुणे हे सर्व त्याच्या मर्जीत बसले. त्यांना तर तो जणू त्यांच्यासाठीच घडवला होता. डावी पुडी तेवढी बाहेर राहिली. ज्याने तमाशा फक्त दुरून, कर्ण्यातून ऐकला त्याला तो कर्कश वाटला, यात नवल नाही. त्याने अर्धाच तमाशा ऐकला होता.

असेच अर्धे ऐकणे शहरातही चालू होते, आणि तेही अधिक प्रतिष्ठित संगीताच्या बाबतीत. फ्रेड गेसबर्ग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानी संगीताची पहिली ध्वनिमुद्रणे केली. वीज त्यात कोठेच नव्हती. गायकाने कर्ण्यात तोंड घालून ओरडायचे, हवेच्या कंपनाने सुई हलायची, सुईने मेणात रेघ काढायची. या पद्धतीत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा उमटे. पुढची वीस-बावीस वर्षे जे काही मुद्रित झाले ते याच फटीतून आत आले. पेटी उत्तम उमटे, कारण तिचे बहुतेक स्वर त्या फटीत बसत. तबल्याची चाट थोडीफार उमटे. डग्गा जवळजवळ नाहीच.

याचा अर्थ नाट्यसंगीताच्या बाबतीत काय होतो, ते पाहावे. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला अहमदजान थिरकवा होते. थिरकवांचा डग्गा ही काय चीज होती हे त्यांची पुढच्या काळातली ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्यास सांगायला नको. बालगंधर्वांचे पद थिएटरात ऐकणाऱ्या प्रेक्षकाच्या कानावर ऑर्गनचे आणि सारंगीचे भरीव अस्तर, त्याखाली डग्ग्याची घुमक आणि या सर्वांवर तो स्त्रीसदृश कंठ असा उतरता पट येत होता. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला कंठ मिळाला. त्याखालची जमीन त्याला मिळाली नाही. बालगंधर्वांच्या गाण्याचे पुढच्या पिढ्यांनी केलेले वर्णन पुष्कळदा नाजूक, लडिवाळ, तरल अशा विशेषणांनी होते. हे वर्णन खोटे नाही. पण ते करणाऱ्यांपैकी कितीजण तबकडीवरून बोलत होते, याचा हिशेब समीक्षेने कधी मांडलेला माझ्या तरी वाचनात नाही.

१९२५ साली विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि दोन-तीन वर्षांत ते भारतातही पोहोचले. आता मायक्रोफोन होता. खर्ज उमटू शकत होता. तरी एक अडचण राहिली. ढाल्या स्वराची रेघ तबकडीवर रुंद पडते. ती तशीच कोरली तर शेजारच्या रेघेत घुसते. म्हणून कोरतानाच खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि वाजवताना तेवढाच वाढवून घ्यायचा, असा तोडगा निघाला. किती कमी करायचा याबाबत प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. त्यात एकवाक्यता आली ती थेट १९५४ च्या सुमारास, लाँग प्ले तबकड्यांच्या काळात. याचा आजच्या अभ्यासकाशी संबंध असा, की जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी संगणकावर उतरवताना ही भरपाई केली नाही, किंवा चुकीच्या मापाने केली, तर गायकाचा आवाज पातळ येतो किंवा बोजड. आंतरजालावर मिळणाऱ्या फायलींमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. एकाच तबकडीच्या दोन उतरवण्या लागोपाठ ऐकल्या तर दोन गायक ऐकल्यासारखे वाटते. ‘जुन्या गायकांचे आवाज पातळ होते’ हे आपले मत यातून किती प्रमाणात घडले, कोण सांगणार?

मायक्रोफोनने आणखी एक गोष्ट केली, आणि ती वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला अधिक जवळची आहे. तोपर्यंत मराठी पुरुष गायक उंच पट्टीत गात, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असे. मायक्रोफोनसमोर ओरडण्याची गरज राहिली नाही. एवढेच नव्हे, तर एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेले, की तो आवाजातला खर्ज स्वतःच वाढवून दाखवतो. कानाशी कुजबुजणाऱ्या माणसाचा आवाज जसा ऊबदार आणि भरलेला वाटतो तसा. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकांपासून आणि पुढे गजानन वाटव्यांच्या कार्यक्रमांतून जे भावगीत रूढ झाले, ते या नव्या जवळिकीवर उभे होते. त्याची परिणती अरुण दाते यांच्या गाण्यात दिसते : एकट्या श्रोत्यासाठी, संध्याकाळच्या खोलीत, हलक्या आवाजात म्हटलेले. भावकवितेतील ‘मी’ला भावगीतात जो आवाज मिळाला तो काही अंशी मायक्रोफोनच्या या गुणधर्माने दिलेला आवाज आहे. कवितेची एकांतप्रियता आणि यंत्राची एकांतप्रियता येथे जुळली. रविकिरण मंडळाने कविता गाऊन दाखवण्याची जी प्रथा पाडली तिचा हा पुढचा टप्पा म्हणता येईल, परंतु मायक्रोफोनवाचून तो याच रूपात आला असता, असे मला वाटत नाही.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून तेथून गीतरामायण प्रसारित होऊ लागले. ते ज्या घरगुती संचांवर ऐकले गेले त्यांतून पाच हजार हर्ट्झच्या वरचेही फारसे येत नव्हते आणि लाकडी पेटीतल्या लहान ध्वनिवर्धकामुळे अगदी खालचेही नाही. मधला पट्टा तेवढा सुबक येई. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे स्वच्छ उच्चार यांना तेवढा पुरेसा होता. किंबहुना गीतरामायण हे त्या पट्ट्यात चपखल बसणारे काव्य आहे. मधल्या पट्ट्यातच भाषेचा अर्थ राहतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली ताजी कणीक जी गंभीर साथ अभंगाला देते ती मात्र त्या संचातून कधीच ऐकू आली नसेल. दिंडीत चालणाऱ्याचा अभंग आणि सकाळी रेडिओवर लागणारा अभंग हे दोन वेगळे अनुभव होते, आणि शाळा-महाविद्यालयांत शिकवला गेला तो दुसऱ्याच्या जवळचा.

येथे छापील पुस्तकाचीही आठवण ठेवली पाहिजे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा शाहिराचा डफ आणि तुणतुणे बाजूला राहून फक्त शब्द कागदावर आले. त्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्या संग्रहाचे ऋण मोठे आहे. लावणीच्या बाबतीत मात्र या गाळणीचा परिणाम अधिक खोल झाला. बैठकीची लावणी आणि फडाची लावणी असा जो भेद आपण करतो त्यात पहिलीला अदाकारी, दुसरीला ठसका असे गुण वाटून दिले जातात. पण या भेदाचा पाया ध्वनीचाही आहे. बैठकीत श्रोता दहा हातांवर, साथीला तबला आणि सारंगी. तेथे डग्ग्याची प्रत्येक मींड ऐकू जाते. फडात श्रोता माळभर पसरलेला. फडाच्या लावणीची रचना, तिचे तोडलेले चरण, ओळीच्या शेवटी येणारी मोकळी जागा, हे सारे ढोलकीसाठी सोडलेल्या अवकाशातून समजते. छापील पानावर ती जागा दिसत नाही आणि कर्ण्यातून ती रिकामीच ऐकू येते. मग ‘येथे कवी यमकासाठी अडला आहे’ अशी टीप एखाद्या उत्तरपत्रिकेत सापडते. तो अडलेला नसतो. तो ढोलकीवाल्याला वाट देत असतो.

कॅसेटच्या काळाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तो पुष्कळांच्या आठवणीत आहे. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट गावोगाव पोहोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एस.टी.त, रिक्षात, चहाच्या टपरीवर आले. ही यंत्रे लहान होती, आणि त्यांवर वाजणाऱ्या संगीताने तालवाद्यांचा चढा भाग पुढे आणला. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळेत याच्या उलट चालले होते. राम कदमांच्या ‘पिंजरा’तील (१९७२) ढोलकी चांगल्या यंत्रावर ऐकावी : डावी पुडी तेथे पुरेपूर हजर आहे. चित्रपटगृहात ती पोहोचलीही. टपरीवर नाही.

आता हेडफोन. जॉन कॉस यांनी १९५८ साली संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले, १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, आणि ऐकणे हा एकट्याने करण्याचा व्यवहार झाला. हेडफोनची अडचण अशी, की तो कानाला नीट चिकटून बसला नाही तर खर्ज बाहेर निसटतो. भ्रमणध्वनीबरोबर फुकट मिळणाऱ्या जुन्या बोंडांमध्ये तो म्हणूनच नसे. उलट सिलिकॉनच्या टोकाने कानाचे छिद्र बंद केले, की तो हवा तेवढा मिळतो. किती हवा, हा मग आवडीचा प्रश्न उरतो, आणि आवडीवरही संशोधन झाले. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ पासून श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन बहुसंख्यांना पसंत पडणारी एक वक्ररेषा काढली. चांगल्या खोलीत चांगले ध्वनिवर्धक जसे ऐकू येतात तसा हेडफोन वाटावा, असा तिचा उद्देश. तिच्यात खर्ज काही डेसिबलने उचललेला असतो. आज पुष्कळ उत्पादक तिच्या आसपास आपले हेडफोन जुळवतात.

हे संशोधन प्रामाणिक आहे. परंतु त्या चाचण्यांत वाजवलेले संगीत प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत होते. त्या संगीताचा खर्ज पायाने वाजवायच्या ढोलाचा आणि बेस गिटारचा असतो. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाने येतो. आपल्या संगीतात खर्जाचे व्यवहार वेगवेगळे आहेत. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सत्तरच्या जवळ. पण जवारी लावलेली ही तार आपली बहुतेक शक्ती वरच्या उपस्वरांत उधळते. म्हणून ती टेलिफोनवरसुद्धा खर्जाची तार म्हणून ओळखू येते, आणि म्हणूनच खर्ज फाजील उचललेल्या हेडफोनवर तंबोरा मधमाश्यांऐवजी मोटारीसारखा गुणगुणू लागतो. ख्यालाला उचललेल्या खर्जाची गरज नसते. तंबोऱ्याच्या कारागिराने ती व्यवस्था आधीच करून ठेवलेली आहे. पखवाजाच्या साथीने गायलेल्या अभंगाला थोडा उचललेला खर्ज मानवतो. लावणीचे गणित सर्वांत अवघड. तिला ऐंशीच्या खालचा भूकंप नको असतो, त्याच्या वरचा शंभर-दोनशेच्या आसपासचा पट्टा मोकळा हवा असतो, कारण डाव्या पुडीची घसरण तेथे आहे. तो पट्टा फुगला तर घसरण चिखलात रुतते; दबला तर कर्ण्याचा तमाशा परत येतो. ‘बेस बूस्ट’ नावाचे बटण हा विवेक करीत नाही.

आणखी एक गंमत आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की आवाज हलका केला की आपल्या कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येऊ लागतो. म्हणून रात्री हळू आवाजात ऐकणारा खर्ज वाढवतो, आणि तसे करण्यात त्याचे काही चुकत नाही. फक्त १९२५ पूर्वीची तबकडी ऐकताना त्याने तसे करू नये. त्या तबकडीत खाली संगीत नाहीच. असते ती तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर. बटण दाबून तो गायकाला नव्हे, यंत्राला मोठे करतो.

फ्लेचर-मन्सन यांचे हेच शोधकार्य एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटते : कायद्यात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. हे डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. हलक्या आवाजात कान जसा ऐकतो तसे ऐकणारा मापक असावा म्हणून १९३० च्या दशकात हे माप ठरले, आणि कानाला हलका खर्ज कमी ऐकू येतो म्हणून मापकही खर्ज कमी मोजतो. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल तो वजा करतो. डीजेचा आवाज हलका नसतो. त्या पातळीवर कान खर्जाला एवढी सूट देत नाही, छाती तर मुळीच देत नाही. पण मापक देतो. भिंती थरथरत असताना मापकावरचा आकडा माणसाला वाटतो त्याहून बराच खाली का राहतो, याचे हे एक कारण. हलगीवाल्याला ही सूट नाही. त्याचे वाद्य मापक जेथे पुरेपूर मोजतो नेमके तेथे वाजते. एक विषयांतर करतो : याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि विश्वातून येणाऱ्या दीर्घ रेडिओलहरी तिला निर्वेध मिळाव्यात म्हणून भोवतालच्या रेडिओ-गोंगाटावर लक्ष ठेवले जाते. तिच्या शेजारच्या गावांत ऐकू येणाऱ्या खर्जासाठी तसा कोणी पहारेकरी नाही.

मढच्या शिवारात दुरून नुसते ठोके का येतात, ते आता सांगता येईल. वरचे स्वर हवेत विरतात, टेकड्या-भिंतींना अडतात. ढाले स्वर त्यांना वळसा घालून जातात. डीजेच्या भिंतीत खर्जासाठी वेगळ्या मोठ्या पेट्या असतात आणि बहुतेक वीज त्या खातात. ज्याला कर्ण्याच्या काळात तंबूबाहेर पाऊल टाकता आले नाही तोच ढाला आवाज आज मैलभर जातो. पण तो डावी पुडी नव्हे. त्यात घसरण नाही, दाब नाही, बोल नाही. अजय-अतुल यांच्या ‘नटरंग’मध्ये (२०१०) जी ढोलकी आहे ती चांगल्या हेडफोनवर एकदा ऐकावी आणि मग तेच गाणे डीजेवर लागले असताना दोन शेते ओलांडून ऐकावे. दुसऱ्या वेळी ढोलकी सापडत नाही. नंतरच्या मिश्रणात तिच्याखाली भरलेला यांत्रिक ठोका तेवढा सापडतो.

वर्गात लावणी शिकवताना हल्ली शिक्षक भ्रमणध्वनीवर एखादी चीज लावून तो टेबलावर ठेवतात. हेतू चांगला असतो. भ्रमणध्वनीचा ध्वनिवर्धक नखाएवढा. कर्ण्यापेक्षाही त्याचा तळ उंच. वीस मुलांना एकदम हेडफोन देता येत नाहीत हे खरे, परंतु बरी पेटी असलेला एखादा ध्वनिवर्धक ग्रंथालयात मिळू शकतो. त्यावर आधी १९२५ पूर्वीचे एखादे नाट्यपद, मग ‘पिंजरा’तली एखादी लावणी, मग आकाशवाणीच्या संग्रहातले एखादे भावगीत असे लागोपाठ लावावे, आणि प्रत्येक वेळी मुलांना गायकाविषयी न विचारता साथीविषयी विचारावे : डावा हात काय करतो आहे? पहिल्या चीजेच्या वेळी त्यांना उत्तर देता येणार नाही. पट्टे वरखाली करणारी बटणे कितीही फिरवली तरी देता येणार नाही. मेणावर जी रेघ उमटलीच नाही ती आता कोणत्याही हेडफोनमध्ये सापडणार नाही.